वारसाने आलेला हिरा

आपल्याकडे प्रवासात मुलाला अर्धे तिकीट असते. मान मात्र मुळीच नसतो. एस.टी.त त्याला मांडीवर घ्यावयाचे, आगगाडीत दोन मोठ्या माणसांच्या फटीत कोंबावयाचे, आणि तिकीट-तपासनीस दिसला की त्याच्या वयातून हळूच एक-दोन वर्षे वजा करावयाची, ही आपली जुनी रीत. रेल्वेच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयात अर्धे लागते. आणि २०१६ च्या एप्रिलपासून आरक्षणाच्या डब्यात त्याच मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर पुरे भाडे मोजावे लागते. या हिशेबापायी कित्येक घरांतील चिरंजीव दोन-दोन वर्षे साडेचार वर्षांचेच राहतात!

याच्या अगदी उलटे जग पाहावयाचे असेल, तर अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या सहलीच्या बोटींकडे पाहावे. तेथे दुपट्यात गुंडाळलेले, अजून धड बसताही न येणारे मूल 'डायमंड सभासद' म्हणून बोटीवर चढू शकते. सहलीच्या पुष्कळशा बोटींवर सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला घेतात. म्हणजे उष्टावणाच्या सुमारास माणूस सातासमुद्रांवर मानकरी होऊ शकतो. त्याने त्यासाठी केलेला पराक्रम एवढाच, की योग्य आईबापांच्या पोटी जन्म घेतला.

आमचे चिरंजीव न्यू जर्सीत नोकरीला असल्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी आम्हा उभयतांचा तिकडे चार-पाच महिने मुक्काम असतो. तेथील मराठी कुटुंबांत या बोटींच्या सहली आता आपल्याकडील महाबळेश्वरासारख्या रुळल्या आहेत. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांतही 'तुम्ही कितव्या पायरीवर?' असा प्रश्न ऐकू येतो. पहिल्यांदा मला वाटले, घराच्या जिन्याविषयी बोलणे चालले आहे. चौकशी केल्यावर जो प्रकार कळला तो मोठा मजेदार आहे, आणि वरवर दिसतो त्याहून अधिक विचार करावयास लावणाराही आहे.

पायऱ्यांचा हिशेब

सहलीच्या बोटींच्या बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची एकेक मंडळी स्थापन केली आहे. वर्गणी नाही, अर्ज-विनंत्यांचा घोळ नाही. एकदा प्रवास केला की तुम्ही सभासद. मग जितक्या रात्री तुम्ही त्या कंपनीच्या बोटीवर झोपाल, तितकी तुमची पायरी वर चढत जाते.

रॉयल कॅरिबियन या कंपनीचे उदाहरण घेऊ. तिच्या मंडळीचे नाव 'क्राउन अँड अँकर सोसायटी', म्हणजे मुकुट-नांगर मंडळी म्हणू या. साध्या केबिनमधील एका रात्रीला एक गुण आणि ऐसपैस सूटमधील रात्रीला दोन. तीन गुण झाले की गोल्ड, तीसला प्लॅटिनम, पंचावन्नला एमराल्ड, ऐंशीला डायमंड, एकशे पंचाहत्तरला डायमंड प्लस, आणि सातशे गुण झाले की शेवटची पायरी, पिनॅकल. सोने, प्लॅटिनम, पाचू, हिरा! सराफकट्ट्यावरही इतका माल एका ओळीत मांडलेला सहसा दिसत नाही.

आता आपल्या पद्धतीने गणित करून पाहू. नवराबायको दरवर्षी सात रात्रींची एक सहल करतात असे धरा. अकरा वर्षांत सत्त्याहत्तर रात्री होतात. हिरा तीन रात्रींनी हुकतो. बाराव्या वर्षी चौऱ्यायशी होतात आणि तो मिळतो. बारा वर्षे म्हणजे आपल्या भाषेत एक तप. मध्यमवर्गीय माणसाने एक तपभर रजा साठवून, पैसे बाजूला टाकून, एकाच कंपनीशी एकनिष्ठ राहावे, तेव्हा तो हिऱ्याला पोहोचतो. सातशेच्या पायरीसाठी तर पुरे शंभर आठवडे समुद्रावर काढावयास हवेत. दरवर्षी एकच आठवडा जाणाऱ्या माणसाला ही पायरी फक्त नातवंडांना दाखवून ठेवता येईल.

आणि याच कंपनीचा दुसरा नियम असा, की अठरा वर्षांखालील मुलाची पायरी ती, जी त्याच्या आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकांची. तप आईबापांनी केले आणि वर मुलाला मिळाला. बाराव्या वर्षी जन्मलेले मूल पहिल्याच सहलीत हिऱ्याच्या रांगेत उभे राहते. (उभे राहते म्हणजे, कडेवर असते.)

सगळीकडे असेच आहे असे मात्र नाही. डिस्ने कंपनीची पहिली बोट १९९८ साली निघाली. मुलांवरच जिचा सारा पसारा उभा, ती कंपनी मुलांना उधारीचा मान देत असेल असे कोणालाही वाटेल. पण तेथे रात्री नव्हे, सफरी मोजतात, आणि प्रत्येकाच्या सफरी त्याच्या त्याच्या नावावर पडतात. एका सफरीनंतर सिल्व्हर, पाच झाल्या की गोल्ड, दहाला प्लॅटिनम आणि पंचविसांना पर्ल, म्हणजे मोती. पाच सफरी केलेली सात वर्षांची मुलगी तेथे स्वतःच्या हक्काची गोल्ड असते. त्या मंडळीचे नाव आहे 'कास्टअवे क्लब'. जहाज फुटून निर्जन बेटाला लागलेल्या अभाग्याला इंग्रजीत कास्टअवे म्हणतात. चार वेळा जेवून, वर आइस्क्रीम खाऊन झोपणाऱ्या मंडळींना हे नाव ज्याने दिले, त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यावयास हवी.

कार्निव्हल या तिसऱ्या कंपनीने आपल्या जुन्या गिऱ्हाइकांना 'व्ही.आय.एफ.पी.' अशी पदवी दिली होती. व्ही.आय.पी. तुम्हाआम्हाला ठाऊक आहेत. हा मधला 'एफ' म्हणजे 'फन', मौज. अतिमहत्त्वाची मौजी व्यक्ती! येथेही प्रत्येकाचे प्रवासाचे दिवस निराळे मोजले जात. परंतु २०२५ साली या कंपनीने जाहीर केले, की जून २०२६ पासून दिवसांऐवजी खर्च केलेल्या पैशांवर पायरी ठरावयाची. वर्षानुवर्षे दिवस मोजत आलेल्या गिऱ्हाइकांत यामुळे मोठी खळबळ उडाली. यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. पायरी आपण चढतो, पण जिना कंपनीच्या मालकीचा असतो.

कंपनीला मुलाचे एवढे कौतुक का?

आता कोणी म्हणेल, व्यापारी माणूस उगाच कोणाला मान देत नाही. मग दुधाच्या दातांच्या गिऱ्हाइकाला तो का मिळावा? याची कारणे तीन, आणि तिन्ही व्यवहाराची.

पहिले कारण सोयीचे. मोठ्या पायरीच्या लोकांना बोटीवर चढण्यासाठी छोटी रांग असते. आई-वडील छोट्या रांगेत आणि पाच वर्षांचे मूल मोठ्या रांगेत, असे कसे करणार? कुटुंबाला दोन रांगांत तोडता येत नाही. म्हणून मान द्यावयाचा तर पदरी असलेल्या पोरांसकट द्यावा लागतो. आपल्याकडे लग्नाचे आमंत्रण 'सहकुटुंब सहपरिवार' असते, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे कारण केबिनचे. बोटीवरची खोली दोन माणसांच्या हिशेबाने विकली जाते; तिसरी आणि चौथी झोपण्याची जागा म्हणजे भिंतीतून ओढावयाचा किंवा छतातून खाली येणारा पलंग. रॉयल कॅरिबियनची 'आयकन ऑफ द सीज' ही महाकाय बोट २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघाली. दर खोलीत दोन माणसे धरली, तर तिच्यावर ५,६१० उतारू मावतात; सगळे पलंग भरले, तर ७,६००. मधले हे जवळजवळ दोन हजार पलंग कोणाचे? बहुतांशी मुलाबाळांचे. खोली तर विकली गेलेलीच असते. तिच्यात मूल आले की त्याचे कमी का होईना पण भाडे येते, त्याचे फोटो निघतात, त्याच्यासाठी खेळणी आणि सरबते विकत घेतली जातात, आणि किनाऱ्यावरच्या सहलीत एक डोके वाढते. म्हणूनच काही कंपन्या तिसऱ्या-चौथ्या जागेवरील मुलाला 'फुकट' नेतात आणि बंदराचे कर तेवढे घेतात. त्यात नुकसान नाही. उलट मुलाच्या मागोमाग दोन पुऱ्या भाड्याची माणसे येतात.

तिसरे कारण सर्वांत दूरदृष्टीचे. आज जो आठ वर्षांचा आहे, तो वीस वर्षांनी आपल्या बायकोला कोणत्या बोटीने नेईल? लहानपणी ज्या घरी लाड झाले, त्या घरची वाट माणूस विसरत नाही. आजोळ म्हणूनच तर प्रिय असते. या कंपन्या समुद्रावर आजोळ थाटून बसल्या आहेत म्हणा ना. तीन वर्षांपासून अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी निराळे खेळघर, बारा ते सतरा वर्षांच्यांसाठी निराळा अड्डा, त्यांना सांभाळणारी तरुण मंडळी, हे सारे त्यासाठीच.

हिऱ्याला फुटलेले तोंड

हे सगळे ऐकून आम्हीही एकदा गेलो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने चिरंजीवांनी न्यू यॉर्कहून बर्म्युडाला जाणाऱ्या बोटीची सात रात्रींची तिकिटे काढली. ठाण्याहून आमची मुलगी, जावई आणि दहा वर्षांचा नातू येऊन पोहोचले. आम्ही एकंदर आठजण. त्यांपैकी चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात हे तिघे त्या कंपनीचे वरच्या पायरीचे सभासद. आम्ही उरलेले पाचजण कोरी पाटी. कंपनी कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही.

धक्क्यावर सर्वांनी मिळून साध्या रांगेतच उभे राहावयाचे ठरले होते, म्हणून चढताना काही कळले नाही. पण तिसऱ्या दिवशी जुन्या सभासदांचा छोटासा समारंभ झाला. तेथून नात परतली ती गळ्यात चमकती फीत अडकवून आणि हातात खाऊचा पुडा घेऊन. रात्रीच्या जेवणाला आम्ही आठहीजण एका टेबलाशी बसलो होतो. नातवाने फितीकडे पाहिले आणि विचारले, "मामा, हिला हे कशाबद्दल मिळाले?"

मामाने उत्तर देण्याआधीच भाची म्हणाली, "मी डायमंड आहे. तू नाहीस."

तिच्या बोलण्यात कुचका भाव नव्हता. 'मी चौथीत आहे, तू पाचवीत आहेस,' असे सांगावे तितक्या सहज ती बोलली होती. पण टेबलावर एकदम शांतता पसरली. सूनबाईंनी काटा खाली ठेवला. आमची मुलगी मुलाच्या ताटात उगाच बटाटे वाढू लागली. जावईबापूंनी खिडकीतून समुद्राकडे पाहावयास सुरुवात केली. बाहेर मिट्ट काळोख होता, पण सासुरवाडीच्या मंडळींत अशा वेळी जावयाने दुसरे काय करावे? नातवाने मात्र सरळ विचारले, "मग हिने काय केले डायमंड व्हायला?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. वकिलाच्या तोंडी शोभावा असा.

चिरंजीवांनी खिशातला फोन काढला, कंपनीकडील नोंद उघडली आणि मुलीपुढे धरली. "बेटा, यात तुझ्या नावापुढे कितीचा आकडा आहे वाच बघू."

"अठ्ठावीस."

"आणि आईच्या आणि माझ्या नावापुढे?"

तिने वाचले. ते आकडे बरेच मोठे होते. "मग माझे अठ्ठावीसच?"

"तुझे अठ्ठावीस. चार सहली, प्रत्येकी सात रात्री. बाकीच्या आमच्या. त्यांतल्या पुष्कळशा तुझ्या जन्माच्या आधीच्या. तू आमच्याबरोबर आहेस म्हणून त्या तुला वापरावयास दिल्या आहेत."

नातवाने बोटांवर काही मोजले. "आणि माझे शनिवारी सात होणार?"

"शनिवारी सात. तुझे स्वतःचे."

"म्हणजे हिच्याहून फक्त एकवीस कमी!" असे म्हणून तो समाधानाने बटाट्यांकडे वळला.

सौ. इतका वेळ गप्प होत्या. त्या नातीला म्हणाल्या, "माझ्या लग्नात सासूबाईंनी आपली मोहनमाळ मला घालावयास दिली होती. मी ती दिवसभर मिरवली हो! पण कोणी विचारले, तर 'सासूबाईंची आहे' असेच सांगितले. त्याने माळेची चमक काही कमी झाली नाही."

दुसऱ्या दिवशी बर्म्युडाला उतरताना नात आपल्या आईबापांबरोबर छोट्या रांगेने न जाता आतेभावाबरोबर मोठ्या रांगेत उभी राहिली. तिने मोठा त्याग केला असे कोणी समजू नये; दोघांचा पत्त्यांचा डाव अर्धा राहिला होता, एवढेच.

जुनी वतने, नवी वतने

त्या प्रसंगानंतर मी पुष्कळ दिवस या विषयाचा विचार करीत होतो. मुलाने काही न करता मिळालेला मान, ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. आपल्या गावगाड्यात पाटीलकी होती, कुलकर्ण होते, देशमुखी होती. बापानंतर मुलगा गादीवर बसे, आणि त्याला लिहितावाचता येते की नाही हे पाहण्याची गरज कोणाला वाटत नसे. मुंबई राज्यात १९५० साली परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांची वंशपरंपरागत जागाही गेली. ज्या घरांतील मुलांना तोपर्यंत 'हे आपलेच आहे' असे शिकविले होते, त्यांना पुढचे दिवस जड गेले. ज्या घरांत 'हे आज आहे, उद्या नसेल, तू शीक' असे सांगितले होते, ती घरे तरली.

बोटीवरचा हिरा म्हणजे काही पाटीलकी नव्हे. त्याने कोणाची जमीन जात नाही, की कोणाच्या पोटावर पाय येत नाही. पण मुलाच्या मनात जे बीज पडते ते त्याच जातीचे. छोटी रांग ही आपल्यासाठी आणि मोठी रांग ही 'त्या' लोकांसाठी, हे नऊ वर्षांच्या मुलाला शिकवावे लागत नाही. ते आपोआप शिकते. शिकवावे लागते ते एवढेच, की छोटी रांग कोणाच्या कष्टांतून आली. माझ्या मते सवलत नाकारण्याचे काही कारण नाही. आईबापांनी पैसे मोजले आहेत, त्यांनी ती खुशाल घ्यावी आणि मुलांनाही घेऊ द्यावी. मात्र तिच्याबरोबर हिशेबही मुलाच्या हाती द्यावा. तुझ्या इतक्या, आमच्या इतक्या. आकडा समोर आला की अहंकाराला फारशी जागा उरत नाही.

सवलतीची खरी किंमत

जी कुटुंबे अशा सहलीचा विचार करीत असतील, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो.

मुलाची पायरी कितीही वरची असली, तरी तिच्यातील बऱ्याच सवलती त्याच्या उपयोगाच्या नसतात. रॉयल कॅरिबियनच्या डायमंड सभासदाला रोज चार पेये फुकट मिळतात, हे मोठ्यांना मोठेच आकर्षण. पण अमेरिकेतून सुटणाऱ्या त्यांच्या बोटींवर एकविसाच्या आत मद्य मिळत नाही. डिस्नेच्या प्लॅटिनम सभासदाला खास उपाहारगृहात एक जेवण फुकट असते; तेथे अठराखालील मुलाला प्रवेशच नाही. मद्याच्या किमतीतील सूट आठ वर्षांच्या मुलाला देणे म्हणजे टकल्याला फणी भेट देणे. मुलाच्या वाट्याला खरोखर येते ती छोटी रांग, एखादी भेटवस्तू आणि एखादा समारंभ. यांची किंमत मनाशी ठरवा, आणि दुसऱ्या कंपनीचे तिकीट त्याहून जास्त रकमेने स्वस्त असेल, तर हिऱ्याचा मोह सोडून स्वस्त बोटीने जा. तुलना करताना नोकरवर्गाची रोजची बक्षिसीही धरा. बहुतेक बोटींवर ती मुलांसाठीही आकारतात.

मुलाच्या पहिल्याच प्रवासात त्याचा स्वतंत्र सभासद-क्रमांक घ्या आणि प्रत्येक वेळी तोच द्या. येथे आपल्या मराठी नावांची एक अडचण आहे. आपल्या पासपोर्टावर पुष्कळदा मुलाच्या नावाला जोडून बापाचे नाव असते. तिकीट काढताना कोणी ते घालतो, कोणी गाळतो. मग एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात, आणि रात्री दोन खात्यांत वाटल्या जातात. पासपोर्टावर जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर, दरवेळी लिहावे. आईबापांच्या आणि मुलाच्या नोंदीत पत्ताही एकच ठेवावा.

मुलाला जोडलेली पायरी आईबापांची किंवा कायदेशीर पालकांची असते. आजी-आजोबांची नव्हे, की मामा-मावशीचीही नव्हे. नातीचा हिरा आजोबांना चिकटत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. आईबाप बरोबर नसताना आजी-आजोबा नातवंडांना घेऊन जाणार असतील, तर पायरीचे काय, हे कंपनीला आधी विचारावेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आईवडील दोघांच्या सहीचे, नोटरीपुढे केलेले संमतिपत्र जवळ बाळगावे. अमेरिकेचे सीमाशुल्क खातेही असे पत्र जवळ ठेवण्याचा सल्ला देते. आणि भारतातून गेलेल्या आजी-आजोबांनी एक गोष्ट विसरू नये. अमेरिकेच्या बंदरातून बोट बाहेर गेली, की परत येताना तुम्ही पुन्हा त्या देशात प्रवेश करीत असता. तेव्हा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, आणि वाटेतल्या बेटाचे नियम काय, हे तिकिटाआधी पाहावे.

आपल्या बंदरात

हे सारे परदेशचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पान उलटण्यासारखी स्थिती आता राहिलेली नाही. २०२१ साली कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' ही बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीपाकडे जाऊ लागली. ही बोट १९९० सालची. पूर्वी ती रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होती. ज्या डेकवर एके काळी मुकुट-नांगर मंडळीचे सभासद मिरवले, तेथे आता आपल्याकडील कुटुंबे वडापाव खाता खाता सूर्यास्त पाहतात. ज्या पाण्यावरून आपले आजे-पणजे कोकण किनाऱ्याच्या आगबोटींतून ट्रंका-वळकट्यांवर बसून, मुलांना कुशीत घेऊन गणपतीला घरी गेले, त्याच पाण्यावर आता खेळघरे आणि पोहण्याचे तलाव घेऊन बोटी चालल्या आहेत. जेथे बोटी आल्या, तेथे आज ना उद्या पायऱ्याही येणारच. विमानांत आणि उपाहारगृहांत त्या केव्हाच आल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न न्यू जर्सीतल्या नातीचा जितका, तितकाच ठाण्यातल्या आणि नाशकातल्या मुलांचाही आहे.

या साऱ्या मानपानाला एक दिवस ठरलेला असतो. तो म्हणजे अठरावा वाढदिवस. त्या दिवशी कंपनीच्या दृष्टीने मूल हे मूल राहत नाही, स्वतंत्र गिऱ्हाईक होते. त्यानंतर आईबापांच्या पायरीपैकी त्याच्याकडे काय राहते आणि काय जाते, याचे नियम कंपनीगणिक निराळे आहेत आणि ते बदलतही असतात. म्हणून सतरावे वर्ष लागले की कंपनीला पत्र घालून विचारावे, उत्तर लेखी घ्यावे, आणि मुलाच्या स्वतःच्या नावावर सगळ्या रात्री नीट चढल्या आहेत का, ते तपासून घ्यावे. हे काम मुलाकडूनच करवून घेतले तर अधिक चांगले. पुढे त्याला बँकेचे खाते, मतदारयादी, भाड्याचे घर अशा पुष्कळ ठिकाणी स्वतःचे नाव नीट लिहिले आहे की नाही, हे पाहावयाचेच असते. त्याचा पहिला धडा एखाद्या बोटीच्या कंपनीला पत्र लिहून गिरवला गेला, तर हिऱ्याने दिलेले तेवढे तरी खास त्याचे, आणि ते काढून घेण्याचा अधिकार कोणत्याच कंपनीला नाही.